पार्श्वभूमी : वजनाचा काटा आणि खेळाडूंची उपासमार

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी ५० किलो गटातल्या भारतीय महिला मल्लाचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम लढत हुकली. पुढचे काही दिवस देशभर कारस्थानाची, राजकारणाची आणि अपिलाची चर्चा रंगली. आदल्या सकाळी वजन देऊन, तीन कुस्त्या जिंकून झाल्यावर काटा दुसऱ्यांदा का लावला, याकडे फारसे कोणी वळले नाही. खेळाडूंच्या बिघडलेल्या खाण्यापिण्याचा माग काढायचा, तर तोच प्रश्न धरून मागे जावे लागते.

वजनासाठी उपाशी राहण्याची रीत सर्वांत आधी रुळली ती घोड्यांच्या शर्यतीत. जॉकी खोगिरासह शर्यतीआधी वजन देतो आणि शर्यतीनंतर पुन्हा देतो. महालक्ष्मीला आणि पुण्याच्या रेसकोर्सवरही हीच पद्धत आली. एकोणिसाव्या शतकातला इंग्लंडचा सर्वांत नावाजलेला जॉकी अंगाने उंच होता. जुलाब आणि वाफेची स्नाने यांवर त्याने वर्षानुवर्षे वजन खाली ठेवले आणि १८८६ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, तो गेला. आपल्या तालमीत तेव्हा सगळा उलटा कारभार. दूध, तूप, बदामाची थंडाई हा खुराक पोटात जाईल तेवढा घालायचा आणि लाल मातीत जोड लावायची ती वस्तादाच्या नजरेने. कराडजवळच्या गोळेश्वरचा मल्ल १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकला ५२ किलोत सहावा आला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलोत कांस्यपदक घेऊन परतला. चार वर्षांत तो गट चढला, उतरला नाही, हे आज मुद्दाम सांगावे लागते.

कारण पुढे गटच आटत गेले. १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीत पुरुषांचे आठ गट होते. १९७२ मध्ये ते दहा झाले, २००० मध्ये पुन्हा आठ, २००४ मध्ये सात आणि २०१६ पासून सहा : ५७, ६५, ७४, ८६, ९७, १२५. जागतिक स्पर्धेत मात्र दहा गट खेळवले जातात. म्हणजे ६१ किलोत जगात पहिल्या पाचांत असलेल्या मल्लाला ऑलिम्पिकच्या वर्षी एकतर चार किलो उतरावे लागते, नाहीतर मुळातच जड असलेल्यांशी ६५ मध्ये झुंजावे लागते. बहुतेक जण उतरतात. पॅरिसची ती मल्लही आधी ५३ किलोत खेळायची. त्या गटाची भारताची जागा दुसरीने मिळवली होती.

आता काटा दुसऱ्यांदा लावायच्या वादग्रस्त निर्णयाकडे वळू. २०१७ पर्यंत वजन आदल्या संध्याकाळी व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी अख्खा गट निकाली निघायचा. मध्ये पूर्ण रात्र मिळे. स्नायूंत साठलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेले असते, त्यामुळे जेवण तोडून आणि घाम काढून कमी झालेले वजन काट्यावरून उतरल्यावर खाण्यापिण्याने बरेचसे परत येते. संध्याकाळी ५७ भरलेला गडी सकाळी ६१ चा होऊन मॅटवर उतरे. समोरच्यानेही तेच केलेले असल्याने फायदा कोणालाच नाही, पण वजन न उतरवणारा मात्र मार खायचा.

२०१८ पासून कुस्तीच्या जागतिक संघटनेने प्रत्येक गट दोन दिवसांवर नेला आणि वजन लढतीच्या दिवशी सकाळी घ्यायला सुरुवात केली. हेतू सरळ होता : भरून काढायला दोनच तास उरले, तर कोरडा पडलेला मल्ल हरेल आणि अवाच्या सवा वजन उतरवणे आपोआप थांबेल. या भागात तथ्य आहे. अडचण झाली ती दुसऱ्या कलमाने. अंतिम फेरीत किंवा रेपेचाजमध्ये (हरलेल्यांना कांस्यपदकासाठी मिळणाऱ्या फेरीत) पोचलेल्यांनी दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन द्यायचे. पहिल्या दिवशी त्यासाठी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटे. अंगावरच्या सिंगलेटसाठी, म्हणजे कुस्तीच्या घट्ट पोशाखासाठीही, सूट नाही. जो बसला नाही तो बाद, क्रमवारीत तळाला. आदल्या दिवशी जिंकलेल्या कुस्त्याही हिशेबात धरल्या जात नाहीत.

याचा शरीरावर काय परिणाम होतो ते बघा. पहिले वजन झाल्यावर कुस्त्या लढायच्या, तर पाणी, मीठ आणि भात-पोळी पोटात घालावीच लागते. सोडियम पाणी धरून ठेवते, रिकामे स्नायू साखर ओढून घेतात आणि संध्याकाळपर्यंत दोन-अडीच किलो सहज परत चढतात. ते रात्रीतून पुन्हा उतरवायचे. या वेळी शरीर सहज दाद देत नाही : कोरडे पडले की घामाचा वेग कमी होतो, रक्तातले पाणी घटल्याने नाडी वाढते आणि शरीराचे तापमान चढत जाते. झोप नाही, वर रात्रभर व्यायाम आणि सॉना, म्हणजे घाम काढायची गरम खोली. शेवटचे शंभर-दोनशे ग्रॅम हलत नाहीत ते यामुळे. केस कापण्यापर्यंत मजल जाते, पॅरिसमध्येही गेली. पूर्वी मल्ल एकदा सुकायचा, आता जिंकणाऱ्याला दोनदा सुकावे लागते.

नियमाच्या बाजूचा मुद्दा असा की सूट दिली की सूट हीच नवी मर्यादा होते. काही स्पर्धांत दोन किलोची मुभा असते आणि मल्ल तेवढी पुरेपूर वापरतातच. पण मुभा न देताही मध्यममार्ग निघतो. ज्युदोत वजन आदल्या संध्याकाळी होते आणि सकाळी चिठ्ठ्या टाकून काही जणांचे पुन्हा घेतात. त्यात पाच टक्क्यांपर्यंत वाढ चालते. तेवढ्याने रात्रीत भरमसाट फुगणेही आवरते आणि सकाळी पुन्हा सुकायचीही वेळ येत नाही. क्रीडा लवादाने १४ ऑगस्टला अपील फेटाळले, तरी या नियमाचे परिणाम अतिकठोर असल्याची नोंद निकालात केलीच.

काटा लावायची प्रथा नसलेल्या खेळांत गोष्ट हळू आणि न दिसता घडते. लांब पल्ल्याची धाव, जिम्नॅस्टिक्स, क्लाइंबिंग, स्की जंपिंग यांत हलके असणे हाच फायदा मानला जातो. स्की जंपिंगमध्ये २००४ पासून उंचीच्या मानाने वजन फार कमी असेल तर स्की आखूड करतात, म्हणजे हलकेपणाने मिळालेले हवेतले अंतर तिथेच कापले जाते. वैद्यकात १९९२ च्या सुमारास महिला खेळाडूंमधल्या तीन खुणांची एक मोट बांधली गेली : विस्कटलेले खाणे, बंद पडलेली पाळी, ठिसूळ हाडे. २०१४ मध्ये ती पसरवून पुरुष, प्रतिकारशक्ती, हृदय, मानसिक स्थिती असे सगळे आत घेतले. ही नवी मांडणी ज्या नियतकालिकात आली, त्यातच जुन्या मांडणीवाल्यांनी पुरावा तोकडा असल्याची तक्रार छापून आणली. २०२३ मध्ये मांडणी पुन्हा दुरुस्त झाली आणि धोक्याच्या हिरव्या, पिवळ्या, नारिंगी, लाल अशा चार पायऱ्या ठरल्या.

खेळाडूच्या शरीराला ऊर्जा पुरते का, याचा मुळातला हिशेब असा. खाल्लेल्या ऊर्जेतून सरावात जळलेली वजा करायची आणि उरलेलीला चरबी वगळून राहणाऱ्या वजनाने भागायचे. दिवसाला किलोमागे ४५ किलोकॅलरी उरल्या तर बरे, ३० च्या खाली गेले की हॉर्मोनचे वेळापत्रक कोलमडू लागते. ५० किलोची, २० टक्के चरबीची धावपटू घ्या : चरबी वगळून ४० किलो. ती १८०० किलोकॅलरी खात असेल तर ताट बघून कोणी तिला उपाशी म्हणणार नाही. सरावात ६०० गेल्या की १२०० उरतात, म्हणजे किलोमागे नेमक्या ३०. ४५ उरायच्या तर तिला २४०० लागतात. मात्र ३० चा आकडा बैठे आयुष्य जगणाऱ्या स्त्रियांवरच्या पाच-पाच दिवसांच्या प्रयोगांतून आला आहे, पुरुषांसाठी अशी ठाम रेघ सापडलेली नाही आणि जेवणाची वही भरताना माणसे कमीच लिहितात. त्यामुळे जाणते डॉक्टर एका आकड्यावर निदान करत नाहीत. तीन महिने न आलेली पाळी आणि वारंवार होणारे बारीक अस्थिभंग आधी विचारतात.

आपल्याकडे हा विषय कुस्तीपुरता नाही. कबड्डीच्या किशोर आणि कुमार गटांना वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते आणि गावोगावच्या फलकांवर ‘५५ किलो वजनी गट’ सर्रास दिसतो. वाढीच्या वयातल्या पोराने स्पर्धेच्या आदल्या रात्री जेवण सोडणे याला तिथे कोणी आजार म्हणत नाही. खरे तर खेळाडूचा पहिला काटा बहुधा हाच असतो.

यातून सुटायचा एक मार्ग वजनाची मर्यादाच मोडीत काढण्याचा, तो रोइंगने (वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यतीने) पत्करला. हलक्या गटात पुरुषांना ७२.५ आणि महिलांना ५९ किलोची मर्यादा होती. १९९६ ला ऑलिम्पिकमध्ये आलेला हा गट २०२४ ला शेवटचा खेळला गेला. दुसरा मार्ग अमेरिकी महाविद्यालयीन कुस्तीचा, तोही तीन बळी गेल्यावरचा. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, सहा आठवड्यांच्या आत, तीन विद्यार्थी वजन उतरवताना दगावले : अंगात हवाबंद सूट, कोंदट गरम खोली आणि व्यायाम. त्यानंतर असे हवाबंद सूट, सॉना आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांवर बंदी आली, वजन लढतीच्या एक-दोन तास आधी होऊ लागले आणि प्रत्येकाचा किमान गट हंगामाआधीच ठरू लागला. त्यासाठी आधी लघवीची सापेक्ष घनता, म्हणजे पाण्याच्या तुलनेतला दाटपणा, १.०२० च्या आत हवी. जास्त आली तर गडी कोरडा आहे असे धरून त्याला दुसऱ्या दिवशी बोलावतात. मग चरबी मोजून ती पाच टक्क्यांवर आली तर वजन किती राहील ते काढतात, त्याखालचा गट त्याला बंद. उतरायचेही आठवड्याला दीड टक्क्याने, म्हणजे ७० किलोच्या मल्लाला जेमतेम एक किलो. चाचणी होईपर्यंत पाणी पिऊन नंतर सुकायची पळवाट यात उरतेच. पॅरिसपर्यंतच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीत मात्र किमान वजनाचा असा दाखला कोणी मागितलेला नव्हता.