कुत्र्याची स्मरणशक्ती

‘कुत्र्याला दोन मिनिटांपूर्वीचे काही आठवत नाही’ आणि ‘कुत्रा माणसाला जन्मभर विसरत नाही’ ही दोन्ही विधाने सर्रास केली जातात. गंमत म्हणजे दोन्हींत थोडे तथ्य आहे, कारण ती एकाच स्मृतीबद्दलची नाहीत. कुत्र्याच्या स्मृतीचे निदान तीन प्रकार वेगळे करता येतात: काही क्षण टिकणारी अल्पकालीन स्मृती, अनुभवांची सांगड घालणारी साहचर्यात्मक स्मृती आणि घडलेला प्रसंग आठवणारी प्रसंगस्मृती. तिसरी कुत्र्यांत असते का, हाच खरा वादाचा विषय.

अल्पकालीन स्मृती तोकडी असते. सिल्वें फिसे व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये कुत्र्यांच्या देखत खेळणे काही खोक्यांपैकी एकामागे लपवले आणि त्यांना थांबवून मग सोडले. अर्ध्या मिनिटातच चुका वाढू लागल्या. तरी चार मिनिटांनंतरही त्यांची निवड नुसत्या अंदाजापेक्षा सरस होती.

साहचर्यात्मक स्मृती मात्र चिवट. इव्हान पाव्हलोव्ह यांनी रशियात कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून अभिजात अभिसंधानाची, म्हणजे एखाद्या खुणेची दुसऱ्या अनुभवाशी गाठ बसण्याची, कल्पना पुढे आली, ती याच स्मृतीवर उभी आहे. त्यासाठी प्रयोगशाळेत जायलाही नको: दगड उचलायला वाकल्याचा नुसता आव आणला, तरी गल्लीतला कुत्रा शेपूट घालून पळतो. तो दगड कधी आणि कोणी मारला होता, हे त्याला आठवण्याची गरज नसते; वाकणे आणि मार यांची गाठ पक्की बसलेली असते. कुरतडलेल्या चपलेबद्दल संध्याकाळी घरी आल्यावर कुत्र्याला रागावण्यात म्हणूनच अर्थ नाही. तो ओरडा चपलेशी नव्हे, तर मालकाच्या घरी येण्याशी जोडतो. त्याचा ‘अपराधी’ चेहराही पुरावा नव्हे. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ च्या प्रयोगात तो चेहरा मालक रागावल्यावर दिसला, मग कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्लेला असो वा नसो.

ओळखीची स्मृती वर्षानुवर्षे टिकते. चार्ल्स डार्विन बीगल जहाजावरून पाच वर्षे दोन दिवसांनी परतले, तेव्हा परक्यांवर धावून जाणारा त्यांचा कुत्रा हाक ऐकताच मुकाट्याने मागोमाग फिरायला निघाला. पीटर हेपर यांना १९९४ मध्ये असे आढळले, की आठव्या आठवड्याच्या सुमारास ताटातूट झालेली पिल्ले आणि त्यांची आई दोन वर्षांनंतरही एकमेकांचा वास ओळखतात. शब्दांच्या बाबतीत अमेरिकेतील चेसर ही बॉर्डर कॉली कुत्री प्रसिद्ध आहे. जॉन पिली यांनी तिला तीन वर्षांत १,०२२ खेळण्यांची नावे शिकवली. पण अशी कुत्री विरळाच. बहुतेकांना ‘बस’, ‘ये’ यांसारखे हुकूम जमतात, पण वस्तूंची नावे शिकवणे जिकिरीचे जाते.

प्रसंगस्मृती तपासण्यात मोठी अडचण आहे. माणसाला ‘काल काय पाहिलेस?’ असे विचारता येते, कुत्र्याला नाही. शिवाय परीक्षा होणार हे कुत्र्याला ठाऊक असेल, तर तो मुद्दाम लक्षात ठेवतो आणि प्रयोग फसतो. बुडापेस्टच्या एटव्होश लोरांड विद्यापीठातील क्लाउडिया फुगात्सा, आकोश पोगान्य आणि आदाम मिक्लोशी यांनी २०१६ मध्ये यावर नामी युक्ती काढली. माणसाची कृती पाहायची आणि हुकूम मिळताच तिची नक्कल करायची, हे १७ कुत्र्यांना आधी शिकवले. मग ती सवय मोडली: माणसाने काहीही केले, तरी आपण फक्त खाली पडायचे. कुत्री हुकमाची वाट न पाहता आपणहून पडू लागली, म्हणजे नकलेची अपेक्षा संपली. मग एके दिवशी माणसाने एक कृती केली, कुत्रा नेहमीप्रमाणे पडून राहिला आणि अचानक हुकूम आला: ‘कर!’ एका मिनिटानंतर सुमारे ५९ टक्के, तर एका तासानंतर ३५ टक्के वेळा नक्कल बरोबर आली. हुकूम अपेक्षित असताना हेच प्रमाण ९४ टक्के होते. लक्षात ठेवायचे कारण नसलेली गोष्टही कुत्र्याच्या मनात राहते, एवढे यातून दिसले. मात्र आठवताना ‘हे मी पाहिले होते’ अशी जाणीव त्याला होते का, हे या पद्धतीने कळत नाही. म्हणून संशोधक जपून ‘प्रसंगसदृश स्मृती’ म्हणतात. या सावधगिरीत काही कंजुषी नाही.

शिकवणीच्या वेळापत्रकाचाही स्मृतीवर परिणाम होतो. डेन्मार्कमधील बीगल कुत्र्यांवरच्या अभ्यासांत, रोज शिकवलेल्यांपेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा शिकवलेली कुत्री कमी सत्रांत तरबेज झाली.

उतारवयात काही कुत्र्यांना माणसाच्या अल्झायमरशी साम्य असलेला स्मृतिभ्रंश होतो. मेंदूत बीटा-अमायलॉइड हे प्रथिन साचते. कुत्रा घरातच वाट चुकतो, दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभा राहून ते उघडण्याची वाट पाहतो, रात्री जागतो, शिकलेली शिस्त विसरून घरातच लघवी करतो. बहिरेपण, मोतीबिंदू, सांधेदुखी किंवा मूत्रविकारानेही यातली काही लक्षणे दिसतात. त्यामुळे पशुवैद्य आधी ती कारणे तपासतात आणि मगच स्मृतिभ्रंशाचे निदान करतात.