रिम राहिली, टायर गेला : जुन्या स्पोर्ट्स कारच्या दुर्मीळ मापांची पार्श्वभूमी

लॅम्बोर्गिनी काउंटाशची १९७८ मध्ये आलेली एलपी४०० एस ही आवृत्ती मागच्या बाजूने पाहिली, की नजर आधी टायरवरच जाते. टायरची रुंदी ३४५ मिलिमीटर, म्हणजे शाळेतली तीस सेंटिमीटरची पट्टी आडवी धरली तरी साडेचार सेंटिमीटर टायर उरतोच. इतक्या रुंद टायरच्या आतली रिम मात्र अवघी १५ इंची, आजच्या साध्या हॅचबॅकला असते तेवढीच. या मापाचे लिखित रूप ३४५/३५ आर १५ असे आहे. काउंटाश आणि त्याच काळातली डी टोमासो पँटेरा जीटी५ सोडली, तर हे माप रस्त्यावरच्या क्वचितच एखाद्या गाडीला लागले असेल. काउंटाशचे उत्पादन १९९० मध्ये थांबले, तेव्हा सगळ्या आवृत्त्या मिळून जेमतेम दोन हजार गाड्या तयार झालेल्या होत्या, आणि त्यातल्या सुरुवातीच्या दीडशेच्या आसपास गाड्यांना १४ इंची, अरुंद टायर होते. एका टायर कंपनीच्या दृष्टीने या मापाचे एकूण गिऱ्हाईक किती, हे यावरून ध्यानात येईल. गाड्या टिकल्या, किंबहुना जिवापाड जपल्या गेल्या. पण टायर ही झिजणारी, आणि न झिजता नुसती पडून राहिली तरी म्हातारी होणारी वस्तू आहे.

मापाचे हे आकडे कसे वाचायचे, हे आधी पाहिलेले बरे. पूर्वी कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या टायरवर ५.२०-१४ असे लिहिलेले अनेकांनी पाहिले असेल. त्यात टायरची रुंदी इंचांत आणि रिमचा व्यास इंचांत, एवढीच माहिती होती. टायरची उंची वेगळी सांगण्याची गरज नव्हती, कारण त्या काळातल्या टायरची उंची रुंदीच्या जवळपास बरोबरीनेच असायची. टायर बसके होऊ लागले तेव्हा मधला आकडा आला. ३४५/३५ मधील ३५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ३५ टक्के. पुढचे अक्षर रेडियल बांधणीचे. जुन्या स्पोर्ट्स कारच्या टायरवर त्याच्या आधी आणखी एक अक्षर असे: एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत, एच म्हणजे २१० पर्यंत आणि व्ही म्हणजे २१० च्या वर, मग वर कितीही. ‘व्हीआर’ ही अक्षरे टायरवर असणे हा सत्तरच्या दशकात प्रतिष्ठेचा भाग होता.

बसक्या टायरची ही वाट प्रामुख्याने पिरेली कंपनीने पाडली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर लान्सिया स्ट्रॅटोस या रॅलीच्या गाडीसाठी पिरेलीने पी७ हा टायर विकसित केला. टायरच्या आतल्या पोलादी पट्ट्यांच्या वर, चाकाच्या फिरण्याच्या दिशेतच नायलॉनचा एक वेढा घालण्याची त्याची रचना होती. वेगात टायर फुगू पाहतो, त्याला हा वेढा आवळून धरतो. त्यामुळे भिंत निम्म्याने कमी करूनही टायर आपला आकार सोडत नसे. पोर्शेने ९११ टर्बोसाठी पुढे २०५/५० आणि मागे २२५/५० अशा १५ इंची मापांत तो स्वीकारला. पुढे कॅनडातील उद्योगपती आणि फॉर्म्युला वन संघाचे मालक वॉल्टर वुल्फ यांनी आपल्या काउंटाशला पी७ लावून घेतले आणि त्या गाडीचे अनुकरण करत खुद्द कारखान्याने एलपी४०० एस बाजारात आणली. गाडीचे सस्पेन्शनही नव्या टायरनुसार बदलावे लागले. पुढच्या साऱ्या अडचणीचे बीज या घटनेत आहे, असे मला वाटते. कारण टायर ही गाडीला नंतर लावायची वस्तू न राहता गाडीच्या आराखड्याचा अविभाज्य भाग झाली.

मग हे माप मागे का पडले? कारण ब्रेक वाढले. ब्रेकची चकती, म्हणजे डिस्क, रिमच्या पोटात बसते, त्यामुळे १५ इंची रिममध्ये डिस्कच्या व्यासाला मर्यादा पडते. इंजिनांची ताकद वाढत गेली तशा डिस्क मोठ्या झाल्या, डिस्कपायी रिम मोठी झाली आणि एकूण चाकाची उंची तीच ठेवायची म्हणून टायरची भिंत आणखी खाली आली. १९८७ च्या फेरारी एफ४० ला १७ इंची रिम होती आणि काउंटाशची जागा घेणारी डियाब्लो १९९० मध्ये मागे ३३५/३५ झेडआर १७ घेऊन आली. १५ इंची रिम खालच्या वर्गातल्या, साध्या गाड्यांकडे गेली, पण त्यांना हवे होते अरुंद आणि उंच टायर. रुंद, बसका आणि वेगवान असा १५ इंची टायर कोणाच्याच कामाचा राहिला नाही.

फ्रान्सच्या मिशलँ कंपनीची कथा याहून अधिक गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते अधिक बोलकीही. टायर आणि रिम यांचा विचार एकत्र केला पाहिजे, या भूमिकेतून कंपनीने १९७५ मध्ये टीआरएक्स ही पद्धत आणली. नेहमीच्या रिमची कड उभी असते. टीआरएक्सच्या रिमची कड ठेंगणी आणि बाहेर पसरलेली होती, त्यामुळे टायरच्या भिंतीचा बाक रिमपर्यंत सलग उतरत असे आणि ताण एका जागी साठत नसे. बसका टायर असूनही गाडी खड्ड्यांवरून मऊ चालावी, हा हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी साधलाही. मात्र अशा रिमवर कोणी साधा टायर चढवला, तर अपघाताचा धोका होता. तो टाळण्यासाठी मिशलँने रिमचे व्यास मुद्दाम इंचांत न ठेवता मिलिमीटरांत ठरवले: ३६५, ३९०, ४१५. ३९० मिलिमीटर म्हणजे साधारण १५.३५ इंच आणि ४१५ म्हणजे १६.३४. कोणत्याही इंची टायरशी जुळू नयेत असेच हे आकडे निवडलेले होते.

ही पद्धत पुष्कळ गाड्यांवर आली. बीएमडब्ल्यूच्या पाच आणि सहा क्रमांकाच्या मालिका, १९७९ ची फोर्ड मस्टँग, सिट्रोएन सीएक्स, आल्पीन ए३१०, फेरारीची माँडियाल आणि ५१२ बीबीआय, आणि फेरारीच्याच १९८४ मध्ये आलेल्या टेस्टारोसाच्या सुरुवातीच्या गाड्या, ज्यांना पुढे २४०/४५ व्हीआर ४१५ आणि मागे २८०/४५ व्हीआर ४१५ असे टायर होते. पण बाकीच्या टायर उद्योगाने ही पद्धत मनापासून आपली मानली नाही. तोवर इंची मापांतले बसके टायरही सुधारत गेले आणि टीआरएक्सचा आगळेपणा संपला. फेरारीने काही वर्षांतच टेस्टारोसाला साधी १६ इंची रिम दिली. कंपन्या पुढे निघून गेल्या; ज्यांच्या दारात मिलिमीटरी रिमच्या गाड्या उभ्या होत्या, ते मात्र एकाच टायर कंपनीच्या मर्जीवर राहिले.

येथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. बीएमडब्ल्यूचे २२०/५५ व्हीआर ३९० हे माप घ्या. भिंतीची उंची २२० च्या ५५ टक्के, म्हणजे १२१ मिलिमीटर. वरची आणि खालची मिळून २४२. त्यात रिमचे ३९० मिळवले की चाकाची एकूण उंची ६३२ मिलिमीटर येते. आता २२५/५० आर १६ हे नेहमीचे माप घ्या. भिंत ११२.५, दोन्ही मिळून २२५. रिम १६ इंची, म्हणजे ४०६.४, एकूण ६३१.४ मिलिमीटर. फरक अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जास्त, म्हणजे नव्या टायरच्या थोड्याशा झिजेइतका. स्पीडोमीटरला तो कळणारही नाही, मडगार्डला काही घासणार नाही. तरीही पहिल्याच्या रिमवर दुसरा टायर बसणार नाही म्हणजे नाहीच. अडचण रबराची नसून रिमची आहे, हे एवढ्या लख्खपणे दुसरे कोणतेच उदाहरण दाखवत नाही. म्हणूनच अशा गाड्यांच्या मालकांनी चारही रिम बदलून १६ इंची बसवण्याचा मार्ग धरला, आणि जी गाडी रोज चालवायची तिच्यासाठी तो शहाणपणाचाच होता. टेस्टारोसाच्या बाबतीत मात्र थोडी थट्टा झाली: मिलिमीटरी मापातून सुटका करून घेतलेल्या गाडीच्या मागच्या चाकांना २५५/५० आर १६ आले, आणि हे मापही पुढे दुर्मीळांच्या यादीत गेले.

कधी माप मिळते, पण अक्षर मिळत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ तयार झालेल्या डिलोरियन या स्पोर्ट्स कारला पुढे १९५/६० चे १४ इंची आणि मागे २३५/६० चे १५ इंची, असे एच वेगमर्यादेचे टायर होते. मागचे माप अमेरिकेतल्या जुन्या मसल कारच्या, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या ताकदवान गाड्यांच्या, कृपेने जिवंत राहिले, परंतु त्या गाड्यांसाठीचा, पांढऱ्या अक्षरांचा जो टायर सहज मिळतो, तो एस मर्यादेचा आहे. पुढचा एका कंपनीचा, मागचा दुसऱ्या कंपनीचा, दोघांची पकड वेगळी, अशी जोडी लावून इंजिन मागे असलेली गाडी ओल्या रस्त्यावर वळवणे सुखाचे नसते.

टायर कंपन्या लोभी आहेत म्हणून ही मापे बंद झाली, असा राग मालक मंडळी व्यक्त करतात. तो मला पुरता न्याय्य वाटत नाही. प्रत्येक मापाला आणि प्रत्येक नक्षीला स्वतंत्र धातूचा साचा लागतो. कच्चा टायर त्यात दाबून, उष्णतेने पक्का केला जातो. वर्षाला काही शेकडा टायरसाठी चालू यंत्रातला साचा उतरवून दुसरा चढवणे परवडत नाही, म्हणून साचा आधी गोदामात जातो आणि कधीतरी भंगारात. साचा सापडला, तरी जुने मिश्रण जसेच्या तसे वापरता येत नाही. उदाहरणार्थ, रबर मऊ ठेवण्यासाठी पूर्वी घातली जाणारी, घातक ‘अरोमॅटिक’ (वलयाकार रचनेच्या कार्बनी) संयुगांनी युक्त तेले युरोपीय संघाने १ जानेवारी २०१० पासून टायरमधून हद्दपार केली आहेत. म्हणजे जुन्या नावाचा नवा टायर हा नक्षीने जुना आणि पोटातून नवाच असतो. माझ्या मते ते चांगलेच आहे.

गोदामात पडून राहिलेला जुना, न वापरलेला टायर शोधून काढणे हा मार्ग अनेकांना मोहात पाडतो, आणि तोच सर्वांत धोक्याचा आहे. प्राणवायू आणि ओझोन यांच्या संपर्कात रबर कडक होत जाते, आतली तेले बाहेर झिरपतात, पट्ट्यांची पकड सुटू लागते. नक्षी मात्र शाबूत दिसते, आणि फसगत होते ती यामुळेच. टायरच्या भिंतीवर ‘डीओटी’ या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. इ.स. २००० पूर्वीच्या टायरवर तीनच आकडे असत आणि त्यातून दशक कळत नसे. तीन आकडे दिसले, की तो टायर प्रदर्शनापुरताच ठेवावा. नोव्हेंबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात पोर्शे करेरा जीटीच्या अपघातात अभिनेते पॉल वॉकर यांचा मृत्यू झाला. तपास यंत्रणेने मुख्य कारण वेग हेच सांगितले, मात्र गाडीचे टायर नऊ वर्षे जुने असल्याकडेही लक्ष वेधले. कमी चालवलेल्या महागड्या गाडीचे टायर झिजत नाहीत आणि म्हणून बदललेही जात नाहीत, हा प्रश्न त्यानंतर अधिक गांभीर्याने चर्चिला गेला.

गेल्या काही वर्षांत परिस्थिती बरीच पालटली, आणि त्याला जुन्या गाड्यांच्या चढलेल्या किमती कारणीभूत आहेत. लाखो युरोंच्या गाडीचा मालक टायरच्या भावात फार घासाघीस करत नाही. मिशलँ आजही टीआरएक्सची निवडक मापे आणि त्याआधीच्या पिढीतला एक्सडब्ल्यूएक्स हा टायर तयार करते. पिरेलीने मिलानमधील आपल्या संग्रहातले जुने आराखडे काढून ‘कोलेत्सिओने’ ही मालिका उभी केली आणि तिच्यात काउंटाशचे ३४५/३५ आर १५ परत आले. १९७१ च्या जिनिव्हा प्रदर्शनातली पहिली काउंटाश, म्हणजे एलपी५०० हा नमुना, अपघात चाचणीत नष्ट झाला होता. लॅम्बोर्गिनीने २०२१ मध्ये तो नव्याने घडवला, तेव्हा पिरेलीने त्याच्यासाठी त्या काळच्या नक्षीचे चिंतुरातो टायरही घडवले. युरोपातल्या नियमांनीही येथे थोडी सवलत ठेवली आहे: १ ऑक्टोबर १९९० पूर्वी प्रथम नोंदल्या गेलेल्या गाड्यांसाठीच असलेल्या टायरना आवाज आणि टायर फिरताना होणाऱ्या रोधासंबंधीच्या नव्या कसोट्यांतून वगळले आहे. ही सूट नसती, तर पन्नास वर्षांपूर्वीची नक्षी आज कायदेशीरपणे विकताच आली नसती.

उलट दिशेचीही उदाहरणे आहेत. इंग्लंडमधील मेल्क्शॅम येथील एव्हॉनचा कारखाना, जिथे शतकाहून अधिक काळ टायर तयार होत होते आणि जिथून जुन्या व शर्यतीच्या गाड्यांची अनेक अडनिडी मापे मिळत, तो २०२३ च्या अखेरीस बंद झाला. भारतात तर जून २०२० पासून नव्या टायरची आयात परवान्याच्या यादीत आहे, त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या एखाद्या संग्राहकाकडे अशी गाडी असलीच, तर टायर कोठे मिळतो हे कळून भागत नाही. तो आणण्याचे कागद आधी करावे लागतात.

अशा टायरची निर्मिती वर्षभर सुरू नसते; साचा चढतो, एक खेप निघते आणि पुढच्या खेपेपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून जाणकार मालक चारही टायर, आणि गाडीला पूर्ण आकाराची स्टेपनी असेल तर पाचवाही, एकाच खेपेतले घेतात. नव्वदच्या दशकात टीआरएक्स टायर मिळत नाहीत म्हणून ज्यांनी मूळ मिलिमीटरी रिम काढून विकून टाकल्या, त्यांची अडचण मात्र आता उलटी झाली आहे. सुरुवातीच्या टेस्टारोसाला मूळ रूपात पाहू इच्छिणारा ग्राहक समोर उभा आहे, ४१५ मिलिमीटरचा टायरही पुन्हा बाजारात आहे, आणि शोध चालू आहे तो रिमचा.