तारा मोजायचा तर आधी काय काय वजा करायचं

वर्तमानपत्रात खगोलशास्त्राची बातमी आली की सोबत बहुतेक वेळा एक ठरलेलं चित्र असतं: गोल घुमट, लांब नळी आणि नळीच्या टोकाला डोळा लावून बसलेला शास्त्रज्ञ. वांगणीला रात्रभर आकाशदर्शनाला जाऊन शनीची कडी पाहिलेल्या माणसाला हे चित्र खरं वाटणं साहजिक आहे. पण आजच्या संशोधनाच्या दुर्बिणीला सहसा डोळा लावायची जागाच नसते. लडाखमध्ये हान्ले इथे साधारण ४,५०० मीटर उंचीवर २ मीटर व्यासाच्या आरशाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. ती चालवतात बंगळुरूजवळच्या होसकोटेहून, उपग्रहाच्या दुव्यावरून. पवईच्या आयआयटीचा सहभाग असलेली ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीणही हान्लेलाच आहे आणि ती बरंचसं काम आपोआप करते. मुंबईत बसलेल्या संशोधकाच्या हाती सकाळी येतात त्या फाइली. त्यातली प्रतिमा करडी असते, तिच्यावर डाग असतात, पट्टे असतात, मेदूवड्यासारखी भोकाची वर्तुळं असतात आणि मध्ये कुठेतरी हवा असलेला तारा असतो.

पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांच्या नेमणुकीवर काम करणारा संशोधक म्हणजे पोस्टडॉक. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत या पदाला व्हिजिटिंग फेलो म्हणतात. निरीक्षणात्मक खगोलशास्त्रातल्या पोस्टडॉकचा बराच वेळ एका प्रश्नावर जातो: या फाइलमधला किती प्रकाश ताऱ्याचा आहे आणि किती ताऱ्याचा नाही? ताऱ्याचं नसलेलं सगळं ओळखून बाजूला काढलं की उरतं ते मोजमाप. ऐकायला सोपं वाटतं, पण यातली एक गोष्ट वजा करूनही पूर्ण जात नाही. तिच्याकडे नंतर येऊ.

आधी कॅमेरा. सीसीडी म्हणजे सिलिकॉनचा तुकडा, त्यावर लाखो पिक्सेल. प्रकाशकण सिलिकॉनवर आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्या पिक्सेलमध्ये साठतो. एक्सपोजर संपलं की हे इलेक्ट्रॉन ओळीओळीने सरकवत कोपऱ्यातल्या अँप्लिफायरपर्यंत नेतात आणि तिथे त्यांचा आकडा होतो. १६ बिटांच्या कॅमेऱ्यात हा आकडा ० ते ६५,५३५ च्या दरम्यान असतो. नॉइजमुळे, म्हणजे आकड्यातल्या अनियमित चढउतारामुळे, तो शून्याखाली घसरू नये म्हणून इलेक्ट्रॉनिक्स मुद्दाम एक ठरावीक रक्कम मिळवून ठेवतं. या रकमेला बायस म्हणतात. शटर बंद ठेवून शून्य सेकंदाची दहा-वीस चित्रं घ्यायची आणि त्यांचा मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, काढायचा, की बायस समजतो. उष्णतेनेही इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणून कॅमेरा द्रवरूप नायट्रोजनने किंवा विजेवर चालणाऱ्या शीतकाने शून्याखाली बराच थंड ठेवतात.

यानंतरचा फ्लॅट हा भाग जास्त नाजूक. प्रत्येक पिक्सेलची संवेदनशीलता थोडी वेगळी असते. शिवाय फिल्टरवर किंवा कॅमेऱ्याच्या काचेवर धुळीचा कण बसला की त्याची सावली भोकाच्या वर्तुळासारखी पडते. वर्तुळ अशासाठी, की दुर्बिणीच्या मुख्य आरशासमोर दुय्यम आरसा असतो आणि फोकसबाहेरच्या सावलीत त्याचं भोक उमटतं. हे सगळं काढायला सगळीकडे सारख्या उजेडाचं चित्र लागतं, तोच फ्लॅट. ते मिळतं संधिप्रकाशात. सूर्य मावळल्यावर काही मिनिटंच अशी असतात की आकाश कॅमेरा भरून टाकण्याइतकं उजळ नसतं आणि तारे दिसण्याइतकं काळोखंही नसतं. त्या वेळात सगळ्या फिल्टरचे फ्लॅट उरकायचे असतात. संध्याकाळी ज्या फिल्टरमधून कॅमेऱ्याला सर्वांत कमी दिसतं तो आधी घ्यायचा, म्हणजे अतिनीलकडचा यू, आणि भरपूर प्रकाश देणारा आर शेवटी. पहाटे हाच क्रम उलटा. आकडा २०,००० ते ३०,००० च्या आसपास ठेवायचा. एक्सपोजर एक-दोन सेकंदांपेक्षा मोठं हवं, नाहीतर शटरची पाती उघडतानाची सावली चित्रात येते. दर दोन चित्रांमध्ये दुर्बीण थोडी सरकवायची, म्हणजे एखादा तारा उमटलाच तर मध्यक काढताना तो निघून जातो.

फ्लॅटमधून आधी बायस वजा करायचा आणि मगच ताऱ्याच्या चित्राला त्याने भागायचं. समजा बायस सोडून फ्लॅटची पातळी २०,००० आहे, बायस १,००० आहे आणि एक पिक्सेल १० टक्के मंद आहे. बायस काढला तर गुणोत्तर १८,००० भागिले २०,०००, म्हणजे ०.९०० येतं. तो विसरला तर १९,००० भागिले २१,०००, म्हणजे ०.९०५. अर्ध्या टक्क्याची चूक. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश साधारण १ टक्क्याने घटतो. हे अधिक्रमण शोधायला निघालेल्या माणसाला अर्धा टक्का परवडत नाही.

आता आकाश. हान्लेचं आकाशही पूर्ण काळं नसतं. वातावरणाच्या वरच्या थरातले रेणू स्वतः मंद चमकतात, सौरमालेतल्या धुळीवरून सूर्यप्रकाश विखुरतो, दिसू न शकणारे असंख्य तारे आपापला वाटा देतात. हा उजेड ताऱ्यावरही सांडलेला असतो. तो काढण्याची रीत अशी: ताऱ्याभोवती एक लहान वर्तुळ आखायचं आणि त्यातला सगळा प्रकाश बेरजेत घ्यायचा. त्याबाहेर थोडं अंतर सोडून एक कडं आखायचं आणि तिथल्या आकाशाची प्रतिपिक्सेल पातळी काढायची. सरासरी न घेता मध्यक घ्यायचा, कारण कड्यात दुसरा तारा सापडला तर तो सरासरी फुगवतो. ही पातळी वर्तुळातल्या पिक्सेलच्या संख्येने गुणून बेरजेतून वजा केली की ताऱ्याचा प्रकाश उरतो.

पूर्ण न जाणारी गोष्ट हीच. प्रकाशकण ठरावीक अंतराने येत नाहीत, पावसाच्या पहिल्या थेंबांसारखे वेळीअवेळी पडतात. सरासरी १०,००० कण अपेक्षित असतील तर प्रत्यक्षात कधी ९,९०० येतात, कधी १०,१००. हा चढउतार संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. आकाशाची पातळी वजा करता येते, पण वर्तुळात पडलेल्या आकाशाच्या कणांचा चढउतार वजा करता येत नाही. तो ताऱ्याच्या आकड्यात बसून राहतो.

१० मिनिटांत ताऱ्याचे १०,००० इलेक्ट्रॉन मिळाले असं धरू. आकाश पूर्ण काळं असतं तर चूक १०० इलेक्ट्रॉन, म्हणजे १ टक्का. वर्तुळात आकाशाचे ४०,००० इलेक्ट्रॉन असतील तर एकूण ५०,०००, त्याचं वर्गमूळ २२४, चूक २.२ टक्के. ती पुन्हा १ टक्क्यावर आणायची तर पाचपट वेळ लागतो, १० मिनिटांची ५० होतात. आता हवा स्थिर आहे असं धरा, आणि ताऱ्याच्या ठिपक्याची रुंदी २ विकलांवरून १ विकला (अंशाचा ३,६००वा भाग) झाली. वर्तुळ अर्ध्या व्यासाचं पुरतं, त्याचं क्षेत्रफळ पाव होतं, आकाशाचे इलेक्ट्रॉन १०,००० वर येतात. चूक १.४ टक्के, आणि १ टक्क्यासाठी फक्त दुप्पट वेळ. आरसा तोच, कॅमेरा तोच, नुसत्या शांत हवेने ५० मिनिटांची २० केली.

हीच दुर्बीण शहरात आणली आणि आकाश ५ प्रतींनी उजळ निघालं तर? तेजस्वितेच्या मापात ५ प्रती म्हणजे बरोबर १०० पट, आणि मुंबईच्या बाबतीत हा अंदाज फारसा फुगवलेला नाही. ४०,००० च्या जागी ४० लाख इलेक्ट्रॉन, वर्गमूळ सुमारे २,००० आणि चूक २० टक्के. १ टक्क्यासाठी ४०० पट वेळ, म्हणजे ६६ तासांहून जास्त. दुर्बीण डोंगरावर का नेतात याचं उत्तर या भागाकारात आहे. ताऱ्यांच्या जवळ जाण्याशी त्याचा काही संबंध नाही, साडेचार किलोमीटरने तारा जवळ येत नाही.

पोस्टडॉकला हे गणित प्रत्यक्षात करावं लागतं ते रात्र मिळण्याआधी. दुर्बिणीचा वेळ अर्ज करून मागावा लागतो. अर्जाच्या तांत्रिक भागात तारा किती मंद, फिल्टर कोणता, चंद्र किती, हवा किती स्थिर धरली आणि म्हणून किती तास हवेत, हे मांडायचं असतं. कमी मागितलं तर निकाल नॉइजमध्ये बुडतो, जास्त मागितलं तर वेळ वाटणारी समिती अर्ज बाजूला ठेवते.

सर्वांत जास्त मागणी असते अमावास्येच्या आसपासच्या रात्रींना. त्या दिवशी प्रवासाला निघू नये, वाहन घेऊ नये, असं मानणारी घरं आजही मुंबईत आहेत. अमावास्येला चंद्र सूर्याच्या दिशेला असतो आणि रात्रभर त्याचा उजेड नसतो, एवढाच त्या रात्रीचा वेगळेपणा. तिला अशुभ ठरवायला आकाशात काहीही आधार नाही. मंद दीर्घिका आणि सुपरनोव्हा मोजणाऱ्यांना हीच रात्र हवी असते. पौर्णिमेच्या रात्री वाया जात नाहीत, त्या अवरक्त निरीक्षणांना देता येतात, कारण चंद्रप्रकाश वातावरणात निळ्या बाजूला जास्त आणि अवरक्त बाजूला फारच कमी विखुरतो. टीआयएफआरच्या गटाने केलेलं टर्सपेक हे १ ते २.५ मायक्रॉन तरंगलांबीचं अवरक्त उपकरण २०१३ मध्ये हिमालयन चंद्र दुर्बिणीवर बसलं.

मंद ताऱ्यासाठी ठिपका जितका बारीक तितका चांगला, हे वरच्या हिशेबातून दिसलं. तेजस्वी ताऱ्यासाठी मात्र निरीक्षक नेमकं उलटं करतात, दुर्बीण मुद्दाम फोकसबाहेर नेतात. तेजस्वी ताऱ्याकडून १० लाख इलेक्ट्रॉन आले तर त्याचा चढउतार १,००० म्हणजे ०.१ टक्का, आणि आकाश त्यापुढे नगण्य. आता अडचण फ्लॅटची असते. फ्लॅट कितीही काळजीने घेतला तरी दर पिक्सेलमागे समजा अर्ध्या टक्क्याची चूक राहिली. तारा २० पिक्सेलवर पसरला असेल तर ती सरासरीत ०.११ टक्के होते. १,००० पिक्सेलवर पसरवला तर ०.०१६ टक्के. शिवाय मधला पिक्सेल काठोकाठ भरून वाया जात नाही. फ्लॅटची ही चूक जास्त चित्रं घेऊनही कमी होत नाही, कारण तारा त्याच पिक्सेलवर असेल तर दरवेळी तीच चूक येते. रात्रीतून तारा हळूहळू सरकला तर आणखी वाईट: आलेखात एक संथ उतार दिसतो आणि तो ग्रहाच्या सावलीसारखा वाटू शकतो. म्हणून ताऱ्याला रात्रभर त्याच पिक्सेलवर धरून ठेवणाऱ्या गायडिंगला इतकं महत्त्व आहे. आणि त्याच चित्रातले, शक्य तितक्या सारख्या रंगाचे दोन-तीन तुलनेचे तारे घ्यायचे, म्हणजे वातावरणाचा परिणाम भागाकारात निघून जातो.

घड्याळाची एक गोष्ट. फाइलमध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि बहुधा ती एक्सपोजर सुरू झाल्याची असते. मोजमापाला मध्याची वेळ लागते. शिवाय पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने ताऱ्याचा प्रकाश कधी ८ मिनिटांपर्यंत लवकर पोचतो, कधी तितकाच उशिरा. ही दुरुस्ती विसरली तर ग्रहाचं वेळापत्रक वर्षभरात डोलताना दिसतं आणि तिथे नसलेला दुसरा ग्रह सापडल्यासारखा वाटतो.

यातलं बरंचसं दादर-बोरिवलीच्या गच्चीवरूनही करून पाहता येतं. हिवाळ्यात ययाती तारकासमूहातला अल्गोल तारा घ्या. जोडीचा मंद तारा समोर आला की तो दर २ दिवस २१ तासांनी २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीपर्यंत मंद होतो, म्हणजे त्याचा प्रकाश साधारण ३० टक्क्यांवर येतो, आणि हे ग्रहण जवळजवळ १० तास चालतं. तिवईवर डीएसएलआर, ५० मिमीची लेन्स, रॉ फॉरमॅट, ऑटोफोकस बंद आणि लेन्स थोडी फोकसबाहेर. एक्सपोजर ४-५ सेकंद, पण आकाशच चित्र भरून टाकत असेल तर आणखी कमी. दर वेळी दहा चित्रं. झाकण लावून सर्वांत लहान एक्सपोजरची वीस चित्रं म्हणजे बायस. लेन्सवर पांढरं कापड ताणून संध्याकाळच्या आकाशाची वीस चित्रं म्हणजे फ्लॅट, पण फोकस रात्रीचाच ठेवून. फक्त हिरवे पिक्सेल वापरा. तुलनेला त्याच समूहातला १.८ प्रतीचा मिरफाक आणि त्याहून मंद एखादा तारा घ्या. एक संपूर्ण ग्रहण नोंदलं की आलेखात खड्डा स्पष्ट दिसेल.