फंक्शनची व्याख्या अशी विचित्र का? तक्त्यापासून जोड्यांपर्यंतची पार्श्वभूमी

अकरावी सायन्सच्या गणितात सेट्स अँड रिलेशन्स संपलं की लगेच फंक्शन्स येतं आणि सुरुवातीलाच व्याख्या आदळते, की संच ए मधल्या प्रत्येक घटकाला संच बी मधला एक आणि एकच घटक जोडलेला असेल तर त्या रिलेशनला फंक्शन म्हणायचं. नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत आणि इकडे ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळपर्यंत कुठल्याही क्लासमध्ये डोकावलं तरी फळ्यावर तीच दोन अंडाकृती आणि मधले बाण दिसतील. पोरं गुपचूप उतरवून घेतात, पण दहावीपर्यंत वाय बरोबर टू एक्स प्लस थ्री असं सरळ चाललेलं असताना हे बाणांचं प्रकरण मधेच कुठून उपटलं हे कोणी सांगत नाही. खरं सांगायचं तर ही व्याख्या इतिहासात सगळ्यात शेवटी आली, आधीची दोन-अडीचशे वर्षं मोठमोठे गणिती "फंक्शन कशाला म्हणायचं" यावरून एकमेकांशी भांडत होते आणि ते भांडण मिटवता मिटवता जे उरलं तेच आपल्या पुस्तकात पहिल्या पानावर छापलंय.

सगळ्यात आधी होते तक्ते. सूत्र वगैरे नंतरचं. ज्यांनी २०१२ च्या आधी ठाणे स्टेशनवरून मीटरने रिक्षा केलीय त्यांना आठवत असेल, जुन्या मेकॅनिकल मीटरवर रुपये दिसायचेच नाहीत, एक आकडा दिसायचा आणि मग रिक्षावाल्याकडचं टॅरिफ कार्ड बघायचं, या आकड्यासमोर किती रुपये लिहिलेत ते. त्या कार्डाला बीजगणित लागत नाही, डावीकडे इनपुट, उजवीकडे आउटपुट, बस. बॅबिलोनियन लोकांनी जवळपास पावणेचार हजार वर्षांपूर्वी मातीच्या पाट्यांवर हेच केलं, वर्गांचे तक्ते, घनांचे तक्ते, आणि भागाकारासाठी व्यस्त संख्यांचे तक्ते. त्यांची पद्धत ६० च्या पायाची, म्हणून २ समोर ३० (म्हणजे ६० पैकी ३०, अर्धा), ३ समोर २०, ४ समोर १५, ५ समोर १२, ६ समोर १०, आणि मग ७ गायब, थेट ८. कारण ६० च्या पद्धतीत एक भागिले सात कधी संपतच नाही, म्हणून त्या नेहमीच्या तक्त्यात ७ घेतलेलाच नसतो. डोमेन म्हणजे काय असं विचारलं तर मी हेच उदाहरण देतो, काय चालतं आणि काय चालत नाही हे त्या पाटीवर आपोआप दिसतं, फक्त "डोमेन" असं कुणी म्हणत नव्हतं.

आपल्याकडचा सगळ्यात सुंदर तक्ता आर्यभटाचा. इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात एका श्लोकात साइनचा अख्खा टेबल कोंबलाय, तोही अक्षरांच्या सांकेतिक भाषेत. शून्य ते ९० अंशाचे २४ समान भाग, म्हणजे दर ३ अंश ४५ मिनिटांनी एक पायरी, आणि दर पायरीला 'ज्या' (म्हणजे त्रिज्या गुणिले साइन) किती वाढते ते आकडे: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९, असं उतरत उतरत शेवटी ७. त्रिज्या ३४३८ धरलीय, कारण वर्तुळाचा परीघ २१६०० मिनिटं मानला तर त्रिज्या साधारण तेवढी येते. आता कागद घ्या आणि पहिले आठ आकडे स्वतः जोडा, १७१९ येतात. आठ पायऱ्या म्हणजे ३० अंश. आणि १७१९ म्हणजे ३४३८ चा बरोब्बर अर्धा. साइन ३० बरोबर अर्धा, जे दहावीला आपण टेबलात घोकतो ते, दीड हजार वर्षांपूर्वीच्या श्लोकातून बेरीज करून निघतं, मला तरी हे दर वेळी भारी वाटतं.

त्यानंतर सातव्या शतकात पहिला भास्कर आला (लीलावतीवाला नव्हे, तो जवळपास ५०० वर्षांनी) आणि त्याने टेबल बाजूला ठेवून थेट सूत्र दिलं. कोन अंशात घ्या, १८० मधून तो कोन वजा करून आलेल्या संख्येला कोनानेच गुणा, या गुणाकाराची चौपट वर लिहा आणि खाली ४०५०० मधून तोच गुणाकार वजा करून लिहा. ३० अंशाला गुणाकार ४५००, वर १८०००, खाली ३६०००, उत्तर अर्धा. ९० ला वर-खाली दोन्हीकडे ३२४००, उत्तर १. ४५ अंशाला ०.७०५९ येतं, खरं ०.७०७१ आहे, म्हणजे दुसऱ्या दशांशापर्यंत राउंड केलं तर तीच ०.७१. इथे एकच गोष्ट दोन रूपांत समोर आली, एकदा टेबल म्हणून आणि एकदा सूत्र म्हणून, आणि खरं फंक्शन यातलं कुठलं हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नसेल, पण पुढची सगळी गडबड याच प्रश्नावरून झाली.

मधली काही शतकं भराभर जाऊ. चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये निकोल ओरेम नावाचा विद्वान वेळ आडव्या रेषेवर आणि वेग उभ्या रेषांनी दाखवायला लागला, म्हणजे ग्राफच म्हणा ना. साधारण त्याच सुमारास केरळात माधव साइनची अनंत मालिका काढत होता. गॅलिलिओने १६३८ साली छापलं की पडणाऱ्या वस्तूने कापलेलं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, पण त्यानेही समीकरण असं लिहिलं नाही, सगळं गुणोत्तराच्या भाषेत. एक वर्ष आधी, १६३७ ला, देकार्तने वक्ररेषेला समीकरण जोडून दिलं आणि तिथून एक्स-वायचा कारभार सुरू झाला. गंमत म्हणजे देकार्तला वर्तुळ अगदी चालायचं, एका एक्सला दोन वाय आले तरी त्याची तक्रार नव्हती. आपली व्हर्टिकल लाइन टेस्ट (उभी रेष ग्राफला एकाहून जास्त ठिकाणी छेदली की ते फंक्शन नाही) त्याच्या गावीही नव्हती.

फंक्शन हा शब्द लायब्निट्सने १६७३ च्या हस्तलिखितात वापरला, तोही वक्ररेषेशी जोडलेल्या रेषाखंडांसाठी. योहान बर्नुलीने १७१८ ला सांगितलं की चल राशी आणि स्थिर राशी यांच्यापासून कुठल्याही प्रकारे बनलेली राशी म्हणजे फंक्शन. आणि मग ऑयलर. एफ लिहून पुढे कंसात एक्स ही आपली रोजची खूण १७३० च्या दशकातल्या त्याच्या लेखातली. १७४८ च्या पुस्तकात त्याने सरळ जाहीर केलं की फंक्शन म्हणजे एक गणिती सूत्र, एक एक्स्प्रेशन. आजही बहुतेक पोरांच्या डोक्यात हीच व्याख्या असते, सूत्र असेल तर फंक्शन, नाहीतर नाही. म्हणजे पोरं चुकत नाहीत, ती फक्त १७४८ सालात आहेत.

पण मग तारेने घोळ घातला. तंबोऱ्याची किंवा सतारीची ताणलेली तार मधे धरून ओढली की सोडण्याआधी तिचा आकार काय असतो? दोन सरळ रेषा आणि मधे टोक. द'अलांबेरने १७४७ ला कंप पावणाऱ्या तारेचं समीकरण सोडवलं, पण त्याचं म्हणणं असं की तारेचा सुरुवातीचा आकार एकाच सूत्राने लिहिता आला पाहिजे, नाहीतर माझं गणित लागू नाही. ऑयलर म्हणाला असं कसं, तार तर हाताने कशीही ओढता येते, निसर्ग काय सूत्र विचारून थांबतो का. पुढे १७५३ ला दानिएल बर्नुली, योहानचाच मुलगा, तिसरंच घेऊन आला की कुठलाही आकार साइन लाटा एकमेकांत मिसळून मिळतो. ऑयलर आणि द'अलांबेर दोघांनाही हे पटलं नाही. वर्षानुवर्षं हे तिघे भांडले. मधल्या मधे ऑयलरनेच १७५५ ला आपली व्याख्या ढिली केली, एक राशी दुसरीवर अशी अवलंबून असेल की दुसरी बदलली की पहिली बदलते, तर पहिली दुसरीचं फंक्शन. सूत्राचा उल्लेखच नाही.

ऑयलरच्या भाषेत "कंटिन्युअस" म्हणजे सगळीकडे एकच सूत्र असलेलं, मधे सूत्र बदललं की "डिसकंटिन्युअस", मग ग्राफ तुटलेला असो वा नसो. आपल्या रिक्षाचं भाडं घ्या ना, १ फेब्रुवारी २०२५ ला लागू झालेलं, पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. रुपयात राउंड करणं आणि वेटिंग क्षणभर विसरा. ग्राफ दीडपर्यंत सपाट आणि मग तिरका वर, कुठेही तुटत नाही. आजच्या हिशोबाने पक्कं कंटिन्युअस, पण ऑयलर म्हणाला असता डिसकंटिन्युअस, कारण सूत्रं दोन आहेत. (शेअर रिक्षाचं सोडून द्या, बऱ्याच रूटवर कुठेही उतरलात तरी सीटचं भाडं तेवढंच, म्हणजे कॉन्स्टंट फंक्शन.) १८४४ ला कोशीने या सगळ्या वर्गवारीची हवाच काढली. तो म्हणाला, एक्स धन असेल तर एक्स आणि ऋण असेल तर उणे एक्स, ही झाली दोन सूत्रं, पण एक्स वर्गाचं वर्गमूळ लिहिलं की तेच एका सूत्रात बसतं. अकरावीचं मॉड एक्स ते हेच. रिक्षाचं पण तसंच करता येतं, अंतर उणे दीड आणि त्याच वजाबाकीचा मॉड यांची बेरीज करा, निम्मी करा, १७.१४ ने गुणा, २६ मिळवा. १ किलोमीटर टाकून बघा, कंसातलं शून्य होऊन २६ उरतात, अडीच टाकलं तर ४३.१४. म्हणजे सूत्र एक की दोन हा लिहिणाऱ्याच्या हातचा खेळ, त्यावर फंक्शनची जात ठरवण्यात काही अर्थ नाही.

त्याच्या आधीच फूरियेने बॉम्ब टाकून ठेवला होता. नेपोलियनबरोबर इजिप्तला जाऊन आलेला आणि नंतर ग्रनोबलला सरकारी कारभार बघणारा हा माणूस, त्याने १८०७ मध्ये उष्णता धातूतून कशी पसरते यावर निबंध सादर केला आणि त्यात दावा की कुठलंही फंक्शन साइन आणि कोसाइनच्या बेरजेने लिहिता येतं. लाग्रांजने कडक आक्षेप घेतला. पुस्तक छापून यायला १८२२ उजाडलं. दावा जसाच्या तसा बरोबर नव्हता पण कामाला जबरदस्त. आपल्या ठाणे खाडीचंच बघा, ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते तिची वेळ भरतीवर ठरते, आणि भरतीची वेळ आधीच छापलेली मिळते कारण पाण्याची पातळी म्हणजे वेगवेगळ्या काळाच्या बऱ्याच साइन लाटांची बेरीज, त्यातली चंद्राची मुख्य लाट साधारण १२ तास २५ मिनिटांची. १८७० च्या दशकात केल्विनने ही बेरीज करणारं मशीनच बनवलं होतं, चाकं आणि पुली लावून.

आता "कुठलंही फंक्शन" म्हणजे नक्की कुठलं, हे ठरवल्याशिवाय फूरियेचा दावा तपासताच येईना. ते काम दिरिश्लेने केलं. १८२९ ला त्याने एक विचित्र उदाहरण दिलं, एक्स परिमेय असेल तर एक किंमत, अपरिमेय असेल तर दुसरी. याचा ग्राफ काढून दाखवा बघू! पेन टेकवायलाच जागा नाही, कारण कुठल्याही दोन बिंदूंच्या मधे दोन्ही प्रकारच्या संख्या खच्चून भरलेल्या आहेत. पण एक एक्स दिला की एकच उत्तर मिळतं, त्यात शंका नाही. मग १८३७ च्या लेखात त्याने स्पष्ट लिहिलं की वाय सगळीकडे एकाच नियमाने बांधलेला असायची गरज नाही, तो गणिती क्रियांनी लिहिता आला पाहिजे असंही नाही. एका एक्सला एक वाय, एवढंच. आपली व्हर्टिकल लाइन टेस्ट इथून आली. ग्राफ, सूत्र, टेबल, सगळे झाले दाखवायचे मार्ग, फंक्शन त्यांच्याही मागचं काहीतरी.

बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १८५३ ला, त्याच्या पुढच्याच वर्षी गटिंगेनमध्ये रीमान हाच फूरिये मालिकांचा प्रश्न घेऊन बसला होता, म्हणजे हे सगळं काही फार पुराणातलं नाही. १८७२ मध्ये वायरश्ट्रासने असं फंक्शन मांडलं की जे कुठेही तुटत नाही पण प्रत्येक बिंदूला टोकदार, स्पर्शिका कुठेच काढता येत नाही. चांगले चांगले वैतागले, एर्मितने तर १८९३ च्या पत्रात डेरिव्हेटिव्ह नसलेल्या फंक्शन्सच्या या साथीपासून मी घाबरून तोंड फिरवतो अशा अर्थाचं लिहिलं. पण तोपर्यंत उशीर झाला होता. १८८८ ला डेडेकिंडने संख्या सोडून कुठल्याही संचातून कुठल्याही संचात जाणारं मॅपिंग मांडलं, आपले बाण तिथले. विसाव्या शतकात व्हीनर, हाउसडॉर्फ, कुरातोव्स्की यांनी क्रमित जोडी (पहिला कोण आणि दुसरा कोण हे ठरलेली जोडी) संचांमधून बांधून दिली आणि फंक्शन म्हणजे जोड्यांचा संच झाला. थोडक्यात टॅरिफ कार्डच, फक्त अनंत लांबीचं चालेल आणि रुपये नसले तरी चालेल.

शाळेत हे आणायचा आग्रह जर्मनीत फेलिक्स क्लाइनने धरला, १९०५ च्या मेरान आराखड्यात फंक्शनचा विचार शालेय गणिताच्या मध्यभागी ठेवा असं होतं. मात्र त्याचा भर ग्राफवर आणि बदलणाऱ्या राशींवर होता. संच आणि बाण १९५७ च्या स्पुटनिकनंतर अमेरिकेत "न्यू मॅथ"ची लाट जोरात आली तिच्यातून शाळेत घुसले आणि जगभर पसरले. माझं मत विचाराल तर क्लाइनचा क्रम बरा होता, आधी टेबल आणि ग्राफ, मग सूत्र, मग ते तारेचं भांडण सांगायचं आणि तेव्हाच बाण काढायचे, पण परीक्षेत व्याख्या एक मार्काला येते आणि क्लासवाल्यांना पोर्शन संपवायचा असतो.

आता महापे किंवा ऐरोलीत आयटीत काम करणाऱ्या घरातली पोरं लगेच विचारतात की कोडिंगमधलं फंक्शन म्हणजे हेच का. जवळचं आहे पण तंतोतंत नाही. १९३० च्या दशकात अलोन्झो चर्चने लॅम्डा कॅल्क्युलस मांडला, त्यात फंक्शन म्हणजे जोड्यांचा ढीग नसून गणित करायची कृती आहे, आणि प्रोग्रॅमिंगच्या भाषांनी तिथून बरंच उचललं. जोड्यांच्या हिशोबाने एक्स अधिक एक्स आणि दोन गुणिले एक्स हे एकच फंक्शन, कोडमध्ये मात्र ते दोन वेगळे प्रोग्रॅम, एक कदाचित दुसऱ्यापेक्षा फास्ट चालेल. आणि पायथनमध्ये फंक्शन लिहून आत रँडम बोलावलं तर तेच इनपुट दिलं तरी दर वेळी नवं उत्तर, त्याला भाषा बिनधास्त फंक्शन म्हणते, दिरिश्लेने मात्र पहिल्याच फटक्यात नापास केलं असतं.