ट्रेलर वायरिंग व ब्रेक-नियंत्रकाचा वीजपुरवठा

मोटार किंवा पिकअप वाहनामागे जोडलेल्या ट्रेलरचे दिवे, ब्रेक आणि बॅटरी यांना ओढणाऱ्या वाहनातून वीज पोहोचवणारी तारांची व्यवस्था. ट्रेलरला विद्युत् ब्रेक असतील तर त्यांना किती वीज द्यायची हे ठरवणारा ब्रेक-नियंत्रक चालकाच्या हाताशी बसवतात व त्याला वाहनाच्या बॅटरीपासून स्वतंत्र वीजवाहिनी देतात. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे रूढ आहे. ऑस्ट्रेलियातही तिचा प्रसार मोठा आहे. प्रस्तुत नोंद प्रामुख्याने उत्तर अमेरिकेतील १२ व्होल्टच्या हलक्या वाहनांविषयी आहे.

विद्युत् ब्रेकच्या उगमाबाबत दोन दृष्टी संभवतात. विद्युत्‌चुंबकाच्या साहाय्याने चाक रोखण्याची कल्पना ट्रॅमगाड्यांइतकी जुनी आहे. एल्मर स्पेरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकन ट्रॅमसाठी असा ब्रेक तयार केला होता. त्यात धावत्या गाडीची मोटरच जनित्र होई आणि तिची वीज चुंबकाला मिळे. या दृष्टीने ट्रेलरचा ब्रेक ही जुन्याच तत्त्वाची नवी योजना ठरते. दुसऱ्या दृष्टीनुसार श्रेय विस्कॉन्सिन राज्यातील बेलॉइट येथील आर्थर प्रॅट वॉर्नर यांच्याकडे जाते. वॉर्नर यांनी आधी मोटारींच्या वेगमापकाच्या धंद्यात नाव कमावले होते, १९०९ मध्ये स्वतः विकत घेतलेले कर्टिस विमान उडवले होते आणि उत्तरायुष्यात ते ट्रेलरच्या ब्रेककडे वळले. त्यांच्या ब्रेक कंपनीची स्थापना सामान्यतः १९२७ ची मानतात. कंपनी स्थापन झाल्याचे वर्ष आणि ब्रेक रस्त्यावर रुळल्याचे वर्ष एकच धरणे मात्र योग्य नाही. १९२० ते १९३० या दशकाचा उत्तरार्ध, एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित. ट्रॅमच्या ब्रेकची वीज गाडीतच निर्माण होई, तर ट्रेलरच्या ब्रेकची वीज पुढच्या वाहनाच्या बॅटरीतून तारेने येते व तिचे प्रमाण चालकाकडच्या उपकरणाने ठरते. हा फरक मूलभूत असल्याने दुसरी दृष्टी अधिक ग्राह्य वाटते.

ब्रेकची रचना साधी आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आत एका तरफेच्या टोकाला विद्युत्‌चुंबक असतो. वीज मिळताच तो ड्रमच्या आतील सपाट पृष्ठाला चिकटू पाहतो, फिरत्या ड्रमबरोबर थोडा ओढला जातो, तरफ कलते आणि ब्रेकच्या शूज ड्रमवर दाबल्या जातात. दाबण्याचा बहुतेक जोर अशा रीतीने चाकाच्या फिरण्यातूनच मिळतो. त्यामुळे थोड्या विजेत मोठे वजन आवरता येते. चाक थांबलेले असताना मात्र हा ब्रेक तितका पकड घेत नाही. म्हणून उभा ट्रेलर चाकाला अडण लावूनच ठेवावा लागतो.

सुरुवातीचे नियंत्रक पुढच्या वाहनाच्या ब्रेक तेलाच्या नळीला जोडलेले असत. पेडल दाबले की तेलाच्या दाबाने आतील परिवर्ती रोधक सरके आणि ट्रेलरकडे जाणारा प्रवाह वाढे. केल्सी-हेज कंपनीचे नियंत्रक या प्रकारचे होते. दोन स्वतंत्र मार्गांचे (द्विमार्गी) तेल-ब्रेक व नंतर चाक-अवरोधरोधक प्रणाली (एबीएस) आल्यावर तेलाच्या नळीत जोड काढणे धोक्याचे ठरले आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक पुढे आले. त्यांचे दोन वर्ग पडतात : ठरावीक वेळात प्रवाह वाढवत नेणारे आणि वाहनाची मंदता लोलकाने किंवा त्वरणमापकाने ओळखून त्या प्रमाणात प्रवाह देणारे. दुसरा वर्ग महाग असला तरी जड ट्रेलरसाठी तोच निवडावा. दोन्हींत विजेचे प्रमाण बहुधा स्पंदांची रुंदी बदलून राखतात. २००५ च्या सुपर ड्यूटी या पिकअप मालिकेत फोर्डने कारखान्यातूनच बसवलेला नियंत्रक दिला आणि त्यानंतर इतर उत्पादकही त्या वाटेने गेले.

बाजारात मिळणाऱ्या नियंत्रकाला सामान्यतः चार तारा असतात. काळी बॅटरीच्या धन अग्राकडून येते, पांढरी अर्थची (परतीच्या प्रवाहाची), लाल ब्रेक-दिव्याच्या स्विचपासून येणारी आणि निळी ट्रेलरच्या ब्रेककडे जाणारी. लाल तार स्विचच्या ज्या बाजूला पेडल दाबल्यावरच वीज येते त्याच बाजूला जोडावी लागते; दुसऱ्या बाजूला जोडल्यास नियंत्रकाला ब्रेक सतत दाबलेला भासतो. काळी आणि पांढरी उलट जोडली गेल्यास नियंत्रक निकामी होऊ शकतो.

या चारांपैकी लाल तार केवळ संदेश वाहते. काळी व निळी या शक्तिवाहिन्या आहेत, आणि बहुतेक सदोष जोडण्यांचे मूळ हा भेद न पाळण्यात असते. १० ते १२ इंची ड्रमच्या ब्रेकमधील एक चुंबक पूर्ण दाबाच्या वेळी साधारण ३ ते ४ अँपिअर घेतो. दोन आसांच्या ट्रेलरला चार ब्रेक असतात, म्हणजे सुमारे १५ अँपिअर. दिव्यांच्या जोडणीत सर्रास आढळणारी १६ गेजची तार (गेज हे तारेच्या जाडीचे अमेरिकन माप; आकडा जितका लहान तितकी तार जाड) १० मीटर लांब वापरली, तर एवढ्या प्रवाहाला तीत सुमारे २ व्होल्ट गळतात. १२ गेजमध्ये सुमारे ०.८ आणि १० गेजमध्ये सुमारे ०.५ व्होल्ट. परतीच्या अर्थ तारेतली घट यात धरलेली नाही. बॅटरीचे १२ व्होल्ट मागच्या चाकापर्यंत १० किंवा त्याहून कमी होऊन पोहोचले, तर नियंत्रकावर आकडा पूर्ण दिसतो आणि ट्रेलर मात्र पुढच्या वाहनाला ढकलत राहतो. ब्रेकच्या वाहिनीला १२ गेज ही किमान जाडी मानावी. लांब वाहन किंवा तीन आसांचा ट्रेलर असल्यास १० गेज. मिलिमीटरमध्ये विचार करणाऱ्यांसाठी, १२ गेज म्हणजे सुमारे ३.३ व १० गेज म्हणजे सुमारे ५.३ चौरस मिमी. छेद.

काळ्या तारेचे उगमस्थान हा वादाचा विषय आहे. केबिनमधल्या फ्यूज पेटीतून रिकामी जागा शोधून वीज घेणे सोपे पडते, पण तिथली वाहिनी आधीच इतर उपकरणांचा भार वाहत असते. नियंत्रकांचे उत्पादक सामान्यतः थेट बॅटरीपासून स्वतंत्र तार आणण्यास सांगतात व पांढरी तारही बॅटरीच्या ऋण अग्राला नेण्याची शिफारस करतात. संरक्षक साधन बॅटरीच्या जितके जवळ तितके चांगले, कारण बॅटरी आणि ते साधन यांच्यामधला तारेचा तुकडा असंरक्षित राहतो. दोन किंवा चार ब्रेकसाठी २० अँपिअर आणि सहा ते आठ ब्रेकसाठी ३० अँपिअर क्षमतेचे साधन वापरण्याचा प्रघात आहे. ते फ्यूज असावे की आपोआप पूर्ववत होणारा सर्किट ब्रेकर, याविषयी मतैक्य नाही. वाहन उत्पादक कारखान्यातल्या जोडणीत बहुधा फ्यूज देतात. सर्किट ब्रेकरच्या बाजूने युक्तिवाद असा की क्षणिक शॉर्ट झाल्यास तो गार होताच पुन्हा जोडला जातो आणि उतारावर ट्रेलरचे ब्रेक कायमचे जात नाहीत. विरुद्ध बाजू म्हणते की दोष कायम असेल तर तो पुन्हापुन्हा जोडला जाऊन तार तापवत राहतो. नंतर जोडलेल्या वाहिनीसाठी सर्किट ब्रेकरच श्रेयस्कर मानावा. घाटात क्षणभर गेलेले ब्रेक परत मिळणे, हे तापलेली तार बदलावी लागण्यापेक्षा केव्हाही मोलाचे आहे.

काही पिकअपमध्ये टोइंगची तयारी असल्यास डॅशबोर्डखाली नियंत्रकाचा तयार जोड मिळतो. मात्र बॉनेटखालच्या पेटीत त्या तारेचे टोक मोकळे सोडलेले किंवा फ्यूजची जागा रिकामी असू शकते. जोड आहे पण वीज नाही, अशा तक्रारीत पहिली तपासणी तिथेच करावी.

अर्थ तारेची हेळसांड फार होते. हिचच्या (वाहनाला ट्रेलर अडकवण्याच्या जोडाच्या) गोळ्यातून आणि ट्रेलरच्या दांडीतून धातूला धातू लागतो, तेव्हा वेगळी अर्थ कशाला, असा समज आढळतो. गोळ्यावर ग्रीस असते, गंज असतो आणि रस्त्यावरच्या प्रत्येक हादऱ्याला हा जोड सुटतो. अर्थ तुटली की प्रवाह दुसऱ्या दिव्यांच्या तंतूंमधून परतीची वाट शोधतो. डावा इंडिकेटर लावल्यावर मागचे सगळे दिवे मंद लुकलुकतात, ते यामुळे.

वाहन व ट्रेलर यांच्यामधील जोडांपैकी साध्या ट्रेलरला चार तारांचा चपटा जोड पुरतो : पांढरी अर्थ, तपकिरी मागचे दिवे, पिवळी डावीकडचा ब्रेक व इंडिकेटर, हिरवी उजवीकडचा. विद्युत् ब्रेक असलेल्याला सात पात्यांचा गोल जोड लागतो. त्यात निळी ब्रेकची, काळी बॅटरीची आणि मधली मागे घेण्याच्या दिव्याची अशी भर पडते. याच्याशी जड मालवाहू ट्रेलरच्या सात टाचण्यांच्या जोडाची गल्लत होऊ नये. त्यात काळी तार बाजूच्या दिव्यांची असते, तर निळीतून चाक-अवरोधरोधक प्रणालीला सतत वीज मिळते. रंगांवर विसंबून एकाची तार दुसऱ्याला जोडल्यास ब्रेकला अखंड वीज मिळू शकते. जोडणी टेस्ट लॅम्प लावून तपासावी. रंग हा पुरावा नव्हे. आकृती सॉकेटची आहे की प्लगची हेही पाहावे, कारण दोन्ही परस्परांच्या आरशातील प्रतिमा असतात.

ब्रेक व इंडिकेटर वेगळ्या दिव्यांत असलेल्या वाहनाला ते एकत्र करणारा परिवर्तक लागतो. अलीकडच्या वाहनांत दिव्यांचा प्रवाह संगणक मोजत असल्याने बॅटरीवर चालणारा परिवर्तक वापरतात.

ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून त्यावर छोटी बॅटरी व दोरीने ओढला जाणारा स्विच असतो. व्यापारी वाहनांसाठीच्या अमेरिकन संघीय नियमानुसार असे ब्रेक किमान १५ मिनिटे लागलेले राहिले पाहिजेत. सात पात्यांच्या जोडातील काळ्या तारेतून ही बॅटरी भारित राहते. ब्रेक कोणत्या वजनापासून सक्तीचे, हे राज्यपरत्वे बदलते, अनेक राज्यांत मर्यादा ३,००० पौंड (सुमारे १,३६० किग्रॅ.) असून कॅलिफोर्नियात १,५०० पौंड आहे.

युरोपात हलक्या ट्रेलरना ट्रेलरच्याच रेट्याने लागणारे यांत्रिक ब्रेक असतात. तेथील १३ टाचण्यांच्या जोडात ब्रेक-नियंत्रकाला स्थान नाही. ऑस्ट्रेलियात २,००० किग्रॅ.पेक्षा जड ट्रेलरच्या सर्व चाकांना ब्रेक आवश्यक असून विद्युत् ब्रेक सर्रास दिसतात. भारतात मोठ्या मालवाहू ट्रेलरना हवेचे ब्रेक असतात. पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या वाहिनीचा संबंध फक्त दिव्यांशी येतो.