लाल मुनियाला लाल रंग मिळतो कुठून?

नवी मुंबईत पक्षी म्हटलं की सगळे फ्लेमिंगोचेच फोटो टाकतात, आणि टाकावेतच, पण सीवूड्सला खाडीकडे तोंड करून उभे असाल ना, तर पावसाळा सरता सरता एकदा मागच्या उंच गवताकडे पण बघा. एखादी काडी जराशी वाकलेली दिसेल आणि तिच्या टोकाला लालभडक पक्षी, अंगावर पांढरे ठिपके, कुंकवावर रवा सांडावा तसे. हा लाल मुनियाचा नर, चिमणीपेक्षा लहान, जेमतेम 10 सेंटीमीटर.

हा रंग वर्षभर नसतो. विणीचा हंगाम संपला की तोच नर मादीसारखा मातकट होतो, फक्त शेपटीच्या बुडाशी लाल राहतं. चोचसुद्धा बदलते, एप्रिलमध्ये काळी, मेपासून लालसर आणि वर्षाअखेर एकदम गडद. बरेच पक्षी उन्हाळ्यात घरटी करतात, मुनिया मात्र पावसाळा मध्यावर आल्यावर, कारण तिचं मुख्य खाणं गवताचं बी आणि ते धरतंच तेव्हा.

मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे रंगाचं गणित. कॅरोटिनॉइड, म्हणजे पिवळ्या-लाल छटा देणारी रंगद्रव्यं, पक्ष्यांना शरीरात बनवता येत नाहीत, खाण्यातूनच घ्यावी लागतात. फ्लेमिंगोला ती शेवाळातून आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतून मिळतात. पण बियांमधली असतात पिवळी, मग लाल कसं होतं? 2016 मध्ये मुनियाच्याच कुळातल्या झेब्रा फिंच या पक्ष्यात सीवायपी2जे19 नावाचं जीन सापडलं, त्यातून तयार होणारं एन्झाइम पिवळ्याचं लाल करतं. म्हणजे गवत खाडीकाठचं आणि रंगारी पक्ष्याच्या अंगातच!

या रंगापायीच बिचारीला पिंजऱ्यात कोंबलं गेलं. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये दिलेलं अमंडावा हे शास्त्रीय नाव अहमदाबादवरून आलंय, कारण तिथून या मुनिया परदेशात विकायला जायच्या. आज त्यांना पकडणं गुन्हा आहे.

पण गवतच गेलं तर? घरटं म्हणजे गवताचा गोळा, दार बाजूला, जमिनीपासून थोडंसंच वर, त्यामुळे एक डंपर डेब्रिज टाकलं की खेळ खलास. मी जिथे जातो तिथे यंदा निम्म्या गवतावर डेब्रिज पडलंय. उरलेल्या पट्ट्यात परवा सकाळी सात मुनिया मोजल्या, त्यातला एक नर स्वतःपेक्षा लांब पातं चोचीत धरून, अडखळत, गवतात आत आत ओढत नेत होता.