वीज गेल्यावर एएस/४०० सुरू होत असेल, तर बटणाला हात लावू नका

एएस/४०० हा आयबीएमचा बिझनेस सर्व्हर वापरणाऱ्या, आमच्या देखभाल करारातल्या सर्व ग्राहकांसाठी. ईडीपी (संगणक) विभागाबरोबर रात्रपाळीच्या सुपरवायझरला आणि इलेक्ट्रिशियनलाही हे वाचायला द्या, कारण मशीनजवळ शेवटी तेच असतात.

पावसाळ्यात आम्हाला येणारे बरेचसे फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "साहेब, मशीन अडकलंय." विचारपूस केली की कळतं, वीज गेली, यूपीएस बसला, जनरेटर उशिरा लागला आणि वीज आल्यावर मशीन सुरू झालं. पॅनेलवर तोच कोड बराच वेळ दिसत राहिला, म्हणून कुणीतरी बटण दाबून धरलं, मशीन बंद केलं आणि परत सुरू केलं. काही ठिकाणी हे दोनदा, तीनदा झालेलं असतं. एवढ्या खटाटोपानंतर आम्हाला फोन येतो.

मशीन बहुतेक वेळा अडकलेलं नसतं, काम करत असतं. ते काय करत असतं हे कळलं तर थांबणं सोपं जाईल.

१९८८ साली आलेल्या एएस/४०० पासून आजच्या पॉवर सर्व्हरवरच्या आयबीएम आय पर्यंत एक गोष्ट बदललेली नाही. ही प्रणाली मेमरी आणि डिस्क मिळून एकच सलग जागा मानते. तुमच्या इन्व्हॉइस फाइलमधला नुकताच बदललेला भाग त्या क्षणी डिस्कवर असेल किंवा फक्त मेमरीत असेल, प्रोग्रामला त्याची फिकीर नसते. नीट शटडाउन केलं की मेमरीतला सगळा बदल डिस्कवर उतरवला जातो. वीज अचानक गेली की तो उतरत नाही. म्हणून पुढच्या आयपीएलमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना, प्रणाली आधी डिस्कवरच्या जागेचा हिशेब जुळवते, मग जर्नल (बदलांची नोंदवही) बघून अर्धवट राहिलेले व्यवहार मागे घेते, आणि ज्या इंडेक्सवर, म्हणजे ॲक्सेस पाथवर, भरवसा ठेवता येत नाही ते नव्याने बांधायला घेते. तुमच्याकडे दहा वर्षांचं स्टॉक लेजर एकाच फाइलमध्ये असेल आणि त्यावर वीस लॉजिकल फाइल्स, म्हणजे त्याच डेटाच्या वेगवेगळ्या मांडण्या, असतील, तर याला वेळ लागणारच.

या मधल्या टप्प्यात पुन्हा बटण दाबलं तर तो शटडाउनही 'ॲबनॉर्मल' धरला जातो आणि सगळी तपासणी पहिल्यापासून सुरू होते. तासाभरात चालू झालं असतं ते मशीन दुपारपर्यंत जातं. वर आधीच्या बंद पडण्यात न बिघडलेलं काही या वेळी बिघडण्याची शक्यता असते.

पॅनेलवरचा कोड 'सी'ने सुरू होत असेल तर ती प्रगतीची खूण समजा. सी६ म्हणजे आतलं लायसन्स्ड कोड (ऑपरेटिंग सिस्टिमच्या खालचं सॉफ्टवेअर) चढतंय, सी९ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम चढतेय. एकच सी६ कोड बराच वेळ दिसत राहणं ॲबनॉर्मल आयपीएलमध्ये अगदी नेहमीचं आहे. 'ए६'ने सुरू होणारा कोड असेल तर मशीन कशाची तरी वाट बघतंय: कधी कन्सोलची (ऑपरेटरच्या मुख्य स्क्रीनची), कधी संपर्क तुटलेल्या डिस्कची. डिस्कच्या बाबतीत तर संपर्क परत आला की ते थांबल्या ठिकाणाहून पुढे जाऊ शकतं. तिथे मशीन बंद करणं सर्वात वाईट. 'बी'ने सुरू होणारा कोड म्हणजे बिघाड. पूर्ण कोड लिहून घ्या, मोबाइलवर फोटो काढलात तर आणखी चांगलं, आणि आम्हाला कळवा.

फोनवर आम्ही आधी कोड, वेळ आणि डिस्कचे दिवे विचारतो, लगेच माणूस पाठवत नाही. यावर काही जण नाराज होतात, ते आम्हाला माहीत आहे. पण सी६ चालू असताना चाकणला पोचलेला आमचा इंजिनिअर खुर्चीत बसून तोच कोड बघणार आणि त्याचं बिल तुम्हाला लागणार. कोड 'बी' असेल तर आम्ही वाटेतच असतो.

दुसरी चूक मशीन चालू झाल्यावर होते. साइन-ऑन स्क्रीन आली, पण पहिले काही तास रिपोर्ट हलत नाहीत. वर्क-ॲक्ट-जॉबमध्ये, म्हणजे चालू जॉबच्या यादीत, क्यू-डीबी-एसआरव्ही नावाचे जॉब सीपीयू खाताना दिसतील. उरलेले ॲक्सेस पाथ पार्श्वभूमीला तेच बांधत असतात. त्यांना मारू नका, प्राधान्यक्रम बदलू नका, आणि 'स्लो आहे' म्हणून री-आयपीएल तर नकोच. डिस्पॅचची घाई असेल तर आम्हाला सांगा. कुठली फाइल आधी बांधायची हे 'एडिट रीबिल्ड ऑफ ॲक्सेस पाथ्स'च्या स्क्रीनवर बदलता येतं. आधी इन्व्हॉइसची घेऊ, वार्षिक रिपोर्टची रात्री होईल.

आधीचा शटडाउन नीट झाला होता का, हे क्यू-ॲबनॉर्म-एसडब्ल्यू या सिस्टिम व्हॅल्यूत दिसतं. ० म्हणजे नीट, १ म्हणजे नाही. आम्ही आल्यावर पहिलं हेच बघतो, त्यामुळे "नाही हो, आम्ही काहीच केलं नाही" म्हणायची गरज नाही.

आता बंद करण्याविषयी. पुणे-पिंपरी भागात गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघतं, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी सकाळी मेन स्विच पाडून मशीन बंद केलेली आम्ही बघतो. आदल्या रात्री 'गो पॉवर' मेनूतून किंवा पॉवर डाउन सिस्टिम कमांडने बंद करा. पर्याय 'कंट्रोल्ड' घ्या आणि जॉब संपायला पुरेसा वेळ द्या. 'इमीजिएट' घ्यायचाच असेल तर आधी वर्क-ॲक्ट-जॉब बघून बॅच जॉब चालू नाही याची खात्री करा. क्यू-पीडब्ल्यूआर-डीडब्ल्यूएन-एलएमटी ही शटडाउनला मिळणाऱ्या वेळेची मर्यादा कुणी फार कमी करून ठेवली असेल, तर कमांड देऊनही शटडाउन ॲबनॉर्मल होऊ शकतो.

अचानक वीज गेल्यानंतर हाताशी आहे म्हणून रेड (RAID) कार्ड, म्हणजे डिस्क सांभाळणारं कार्ड, किंवा डिस्क या खाचेतून त्या खाचेत हलवू नका. जुन्या कार्डांमध्ये न उतरलेला डेटा बॅटरीच्या जोरावर कॅशमध्ये थांबलेला असतो आणि तो त्याच डिस्कवर उतरायला हवा.

यूपीएसबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. नुसता मोठा यूपीएस घेऊन भागत नाही, वीज गेल्याचं त्याने मशीनला सांगितलं पाहिजे. तशी जोडणी असेल तर ऑपरेटरच्या क्यूत सीपीएफ१८१६ हा संदेश येतो आणि छोट्या प्रोग्रामने त्यावर आपोआप कंट्रोल्ड शटडाउन लावता येतो. बऱ्याच ठिकाणी यूपीएस आहे, जोडणी नाही. जोडणी आहे तिथे क्यू-यूपीएस-डीएलवाय-टीआयएम, म्हणजे यूपीएसवर मशीनने किती वेळ थांबायचं ती व्हॅल्यू, तपासलेली नाही. बॅटऱ्या चार वर्षांपूर्वीच्या, आणि भरवसा मात्र अर्ध्या तासाचा!

ॲक्सेस पाथ पुन्हा बांधायला लागणारा वेळ कमी ठेवण्यासाठी प्रणालीत एसएमएपीपी (सिस्टिम-मॅनेज्ड ॲक्सेस-पाथ प्रोटेक्शन) नावाची सोय आहे. तिच्यासाठी थोडी डिस्क आणि थोडा वेग द्यावा लागतो. 'स्पीड वाढवायला' म्हणून कुणीतरी ती ऑफ केलेली आम्हाला अनेकदा सापडते. तसं केल्याने रोज वाचणारा वेळ क्वचितच जाणवतो, गुरुवारचा मात्र नक्की जाणवतो.

वार्षिक देखभाल करारात यूपीएसची जोडणी, शटडाउन प्रोग्रामची चाचणी आणि एसएमएपीपीची तपासणी वर्षातून एकदा धरलेली आहे, वेगळं बिल लागत नाही. चाचणीसाठी खरोखरच यूपीएसचा इनपुट काढावा लागतो, म्हणून प्रॉडक्शन नसलेला दिवस लागतो. मे संपायच्या आत तारीख कळवा. जूनमध्ये आमची माणसं बंद पडलेल्या मशीनमागे फिरत असतात आणि चाचणीच्या तारखा मागे पडतात. करार नसलेल्या ग्राहकांना ही चाचणी स्वतंत्रपणेही करून मिळेल.